पाचव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त येत आहे : बाभळीच्या सालीचा काढा चालेल का?

प्रश्न – सेलूची लेक

नमस्कार. माझे माहेर सेलूचे आणि सासर जिंतूर तालुक्यातील एका लहान गावात आहे. मी पहिलटकरीण असून सध्या मला पाचवा महिना सुरू आहे. तिसऱ्या महिन्यापासून दात घासताना फेस गुलाबी दिसू लागला, तेव्हा ब्रश कडक असेल असे समजून मी तो बदलला. आता मात्र भाकरीचा तुकडा तोडला तरी त्याला रक्त लागते, हिरड्या लालभडक होऊन फुगल्या आहेत, आणि वरच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक मऊ गाठ आली आहे. ती दुखत नाही, पण ब्रश लागला की भळभळते. एका दवाखान्यात दाखवले, तर तिथे तोंडात नीट न पाहताच "बाळंतपण झाल्यावर या, आता काही करता येणार नाही" असे सांगून आम्हाला परत पाठवले.

तेव्हापासून घरात प्रत्येकाचा वेगळा उपाय चालू आहे. सासूबाई बाभळीच्या सालीच्या काढ्याने चुळा भरायला आणि रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा चूर्ण घ्यायला सांगतात. आई फोनवर लवंगेचे तेल लावायला सांगते. यांनी मोबाईलवर वाचून कोरफडीचा रस आणून ठेवला आहे. शेजारच्या काकू तर म्हणतात की दोन बोटे मिश्री लावली की रक्त जागच्या जागी थांबते. सासूबाईंचा शब्द मोडायचा नाही आणि बाळाला धक्काही लागू द्यायचा नाही, अशा कात्रीत मी सापडले आहे. यांपैकी काय चालते, काय टाळावे, आणि अशा उपायांनी हा त्रास खरोखर बरा होतो की तेवढ्यापुरता दबतो, हे कोणी जाणकाराने सांगावे.

उत्तर – लातूरची माय

ताई, मला अगदी हेच झाले होते, ती गाठसुद्धा. माझी गाठ हरभऱ्याएवढी झाली होती आणि मला रात्र रात्र झोप नव्हती, कारण मनात नको ते आजार येत होते. सहाव्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून दिले, गाठीला हात लावला नाही, आणि बाळ दोन महिन्यांचे होईपर्यंत ती आपोआप बसून गेली. तुमचीही तशीच असेल असे मी ठामपणे म्हणणार नाही, ते डॉक्टरांनी पाहूनच ठरवावे.

लवंगेच्या तेलाबद्दल मात्र अनुभवाने सांगते. मी कापसाचा बोळा तेलात बुडवून सरळ हिरडीवर दाबून धरला होता. दुसऱ्या दिवशी तेवढी जागा पांढरी पडून सोलवटली आणि चार दिवस मला तिखट काही खाता आले नाही. आमटीत किंवा मसालेभातात लवंग खाणे वेगळे आणि बाटलीतले तेल हिरडीवर लावणे वेगळे, हे मला तेव्हा कळले.

उत्तर – दंतवैद्य, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपल्याला दवाखान्यातून जे सांगण्यात आले ते जुन्या समजुतीवर आधारलेले आहे. गरोदरपणात दातांची तपासणी, दात साफ करणे, अगदी जागा बधिर करून किडलेला दात भरणे किंवा काढणेही सुरक्षितपणे करता येते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. तातडीचे काम कोणत्याही महिन्यात करावे. सवडीने करण्याजोग्या कामाला चौथ्या ते सहाव्या महिन्यातला काळ सर्वांत सोयीचा, कारण तोपर्यंत उलट्या थांबलेल्या असतात आणि पोटही इतके वाढलेले नसते की खुर्चीत बसणे अवघड व्हावे. म्हणजे आपण आत्ता नेमक्या त्याच काळात आहात आणि थांबण्यात तो वाया जाईल.

आता हे होते कशाने ते सांगतो, म्हणजे घरातल्या उपायांची पारख आपली आपल्यालाच करता येईल. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके खूप वाढतात. त्यामुळे हिरड्यांतील बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून द्रव सहज झिरपू लागतो, आणि दाताच्या मुळाशी जंतूंचा जो मऊ चिकट थर साचतो, त्याच्याविरुद्ध हिरडी एरवीपेक्षा कितीतरी जास्त चवताळून उठते. काही जंतूंची तर या संप्रेरकांवर चक्क पोसणी होते. त्रास साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतो, आठव्या महिन्यात सर्वाधिक असतो आणि बाळंतपणानंतर उतरतो. पण मूळ कारण संप्रेरके नव्हेत, तो थर आहे. संप्रेरके फक्त आगीला वारा घालतात. थर रोज नीट निघत असेल, तर गरोदरपणातही हिरड्या बऱ्याच शांत राहतात.

हा थर निघाला नाही की लाळेतील क्षारांमुळे तो दगडासारखा घट्ट होतो. आपण त्याला कीटण म्हणतो. एकदा कीटण बसले की बाभळीची साल, कडूनिंब, मीठ, तुरटी, महागडे माऊथवॉश यांपैकी कशानेही ते सुटत नाही. ते आम्हालाच हत्याराने काढावे लागते. काढ्याने हिरडी आक्रसते आणि रक्त कमी दिसते, पण कीटण जागेवरच असेल तर आतली सूज चालूच राहते. आपला "बरा होतो की दबतो" हा प्रश्न फार नेमका होता, म्हणून त्याचे उत्तरही नेमके देतो : कीटण असताना नुसत्या काढ्याने त्रास दबतो, आणि कीटण काढल्यानंतर तोच काढा जोडीला चांगला साथ देतो. दात साफ केल्याने ते हलू लागतात, हा समजही मनातून काढून टाकावा. कीटण निघाल्यावर मोकळी फट जिभेला लागते आणि दात सैल झाल्यासारखे वाटते, एवढेच.

पुढच्या दोन दातांमधली गाठ बहुधा गरोदरपणात येणारी साधी गाठ असावी. ती कर्करोगाची नसते आणि बहुतेक वेळा बाळंतपणानंतर विरते. मात्र लिहिलेले वाचून निदान करणे योग्य नाही, त्यामुळे ती प्रत्यक्ष दाखवावीच लागेल. चावताना अडथळा येत असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर ती आधीही काढता येते.

बाळाविषयीची भीतीही मोजूनमापूनच बाळगावी. हिरड्यांचा खोलवर गेलेला आजार आणि अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळे यांचा संबंध १९९६ पासून अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण २००६ साली अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, गरोदरपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती कमी झाल्या नाहीत, मात्र उपचार सुरक्षित ठरले आणि हिरड्या सुधारल्या. तेव्हा "उपचार केले नाहीत तर बाळाचे काही खरे नाही" असे कोणी घाबरवले तरी घाबरू नका, आणि "उपचार केले तर बाळाला धोका" असे म्हणणाऱ्याचेही ऐकू नका.

आणखी एक काम राहून जाऊ नये. साखरेची तपासणी झाली नसेल तर करून घ्यावी. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात आणि साखर १४० किंवा त्याहून अधिक आली तर गरोदरपणातील मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करतात. साखर वाढलेली असेल तर हिरड्या कशालाच दाद देत नाहीत.

उत्तर – वैद्य, नांदेड

दंतवैद्यांनी कीटणाबद्दल जे लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि वैद्य असूनही आधी दात साफ करून घ्या असेच सांगतो. आता वनस्पतींकडे वळतो, कारण ताईंचा मुख्य प्रश्न तोच आहे.

सुश्रुताने दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकी 'शीताद' नावाच्या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, हिरड्या मऊ, ओलसर आणि काळपट होतात व तोंडाला दुर्गंधी येते. त्यावर रक्त काढून मग सुंठ, मोहरी, त्रिफळा आणि नागरमोथा यांच्या काढ्याचा गंडूष करावा असे सांगितले आहे. गंडूष म्हणजे तोंडात भरून धरणे आणि थुंकून टाकणे. रक्त काढणे गर्भिणीला अर्थातच वर्ज्य आहे. पण त्रिफळा इथे खाण्यासाठी नसून तोंडात धरण्यासाठी सांगितला आहे, हे सासूबाईंना आवर्जून दाखवावे. शिवाय त्रिफळ्यातला हिरडा गर्भवतीने खाऊ नये असे भावप्रकाशात स्पष्ट म्हटले आहे. (हिरडीसाठी हिरडा ही नावाची जुळणी ऐकायला गोड असली तरी या अवस्थेत पोटात नको.) रात्रीचे त्रिफळा चूर्ण आजच बंद करावे. बद्धकोष्ठता हे त्यामागचे कारण असेल, तर आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे.

माझी साधी कसोटी आहे : जे थुंकायचे आहे त्याला बरीच मोकळीक आहे, जे गिळायचे आहे त्याला फार थोडी. बाभळीची साल थुंकायच्या गटातली आहे. तिच्यात भरपूर टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य असते, त्याने हिरडी आवळली जाते. एक चमचा भरड साल दोन कप पाण्यात अर्धे पाणी उरेपर्यंत उकळावी, गाळून कोमट झाल्यावर दिवसातून दोनदा चूळ भरावी आणि संपूर्ण थुंकावी. हा काढा पिऊ नये. टॅनिन जेवणातले आणि गोळीतले लोह शोषू देत नाही, आणि आपल्याकडे गरोदर स्त्रियांत रक्त कमी असण्याचे प्रमाण आधीच फार आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये म्हणतात ते याच कारणाने.

पण साल कोणत्या झाडाची, हे आधी पाहा. आपल्या मराठवाड्यात ओढ्याकाठी आणि पडीक रानात जी माजलेली दिसते ती बहुतेक वेडी बाभूळ, म्हणजे विलायती बाभूळ असते, औषधी बाभूळ नव्हे. देशी बाभळीची फुले पिवळ्या गोंड्यांसारखी गोल असतात आणि शेंग मण्यांची माळ ओवल्यासारखी दिसते. वेडीची फुले लांब कणसासारखी आणि शेंग पिवळसर, जवळपास सरळ असते. कापसाच्या किंवा सोयाबीनच्या बांधावरची साल तर मुळीच घेऊ नका, कारण पिकावरची फवारणी आणि बांधावरचे तणनाशक त्या झाडावर बसलेले असते.

कोरफडीचा रस पिऊ नका. पानाच्या सालीखालचा पिवळा चीक तीव्र रेचक असतो आणि गरोदरपणात तो टाळण्यास आमच्याकडेही सांगतात आणि आधुनिक वैद्यकातही. कडूनिंबाच्या पानांच्या पाण्याने चूळ भरण्यास हरकत नाही, पण निंबोळीचे तेल किंवा अर्क पोटात घेऊ नये, प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने गर्भावर विपरीत परिणाम झालेला आहे. ज्येष्ठमधाची काडी दिवसभर चघळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ज्येष्ठमध जास्त झाले की रक्तदाब वाढतो, म्हणून तेही आवरावे. हळद स्वयंपाकात जितकी पडते तितकी चालते, तिच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत. तिळाचे तेल तोंडात धरून खुळखुळवायला काही अडचण नाही, मात्र पाचव्या महिन्यात मळमळ होत असेल तर उगाच अट्टाहास करू नये.

शेवटची गोष्ट आमच्याच शास्त्राच्या बाजाराविषयी आहे, म्हणून लिहिताना संकोच वाटतो, पण लिहितो. लेबल नसलेल्या पुड्या आणि गोळ्या कोणी "दातांसाठी रामबाण" म्हणून दिल्या तर घेऊ नका. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले होते. शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते.

उत्तर – अंबाजोगाईकर

आमच्या आजीने कधी ब्रश पाहिला नाही. कडूनिंबाच्या काडीवर तिचे आयुष्य गेले, नऊ बाळंतपणे झाली, आणि सत्तरीत ती हरभरे फोडून खात असे. तेव्हा दातांचे दवाखाने कुठे होते? आजकाल प्रत्येक गोष्टीला डॉक्टर लागतो.

उत्तर – दंतवैद्य, छत्रपती संभाजीनगर

आपल्या आजींचे दात खरोखर चांगले असणार, याविषयी मला शंका नाही. काडी चावून तिचा कुंचला करणे आणि एकेका दातावरून सावकाश फिरवणे हे आमच्या ब्रशचेच काम आहे, आणि त्या पिढीच्या ताटात साखर फार कमी होती. पण ज्यांचे दात चाळिशीत गेले त्या आज्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. सुजलेल्या हिरडीवर कडक काडी बोचते आणि जखम होते, त्यामुळे सध्या तरी ताईंनी मऊ ब्रशच वापरावा. रक्त येते म्हणून ती जागा सोडून देऊ नये. जिथे रक्त येते तिथेच थर साचलेला असतो, म्हणून तिथेच हलक्या हाताने, ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून घासावे.

उत्तर – आशाताई, हिंगोली जिल्हा

वरच्या सर्व उत्तरांत मिश्रीचा मुद्दा सुटला आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातक गोष्ट तीच आहे, म्हणून हे लिहीत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. रक्त थांबल्यासारखे वाटते ते निकोटिनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून. आत आजार वाढतच असतो, फक्त त्याची खूण पुसली जाते. मुंबईत गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मिश्री किंवा तत्सम बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची भरली होती. ज्या बाळाचे वजन आधीच सव्वादोन-अडीच किलोच्या घरात असते, त्याच्यासाठी शंभर ग्रॅम ही लहान गोष्ट नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? माझ्या भागात कित्येक बायका 'मला तंबाखूचे व्यसन नाही' असे शपथेवर सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणे असते. काकूंना दुखवू नका, पण डबी परत करा.

दुसरे असे की, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे डॉक्टरांना तोंड उघडून हिरड्या दाखवा आणि दंतविभागासाठी चिठ्ठी मागा. बायका पोटाचे, पायावरच्या सुजेचे सगळे सांगतात, पण हिरड्यांतून येणारे रक्त सांगायची लाज वाटते की काय, कोणास ठाऊक.

उत्तर – सेलूची लेक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. काल सासूबाईंना वैद्यबुवांचे उत्तर वाचून दाखवले. हिरडा गर्भवतीने खाऊ नये हे ग्रंथात आहे, हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच चूर्णाचा डबा वर ठेवून दिला. डॉक्टरांनी सांगितले असते तर कदाचित वाद झाला असता. बाभळीची साल मात्र त्या सोडायला तयार नाहीत, आणि आता मीही तयार नाही. फक्त त्यांनी आणलेली साल ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीची निघाली, तेव्हा सासरे मळ्यातल्या जुन्या देशी बाभळीची काढून घेऊन आले.

एक शंका राहिली आहे. मला सकाळी अजूनही कधी कधी उलटी होते. तोंड आंबट होते म्हणून मी लगेच ब्रश करते. ते बरोबर आहे का?

उत्तर – दंतवैद्य, छत्रपती संभाजीनगर

बरोबर नाही. उलटीतल्या आम्लाने दातावरचे कवच थोडा वेळ मऊ पडलेले असते आणि त्याच वेळी ब्रश फिरवला तर ते झिजते. एक पेला पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी, ती थुंकावी, आणि निदान अर्ध्या तासाने ब्रश करावा. हिरड्यांसाठी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरली तरी चालते, तीही थुंकायचीच, विशेषतः रक्तदाब वाढलेला असेल तर. दुखल्यास पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यावी. घरात पडलेली आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

उत्तर – सेलूची लेक (तीन आठवड्यांनंतर)

पुढे काय झाले ते कळवते. नऊ तारखेला चिठ्ठी मिळाली आणि आम्ही सेलूहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जाऊन शासकीय दंत महाविद्यालयात दाखवले. खुर्ची पूर्ण आडवी न करता मला थोडे डाव्या कुशीवर कलते बसवले होते, कारण उताणे झोपवल्यास पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाऊन चक्कर येऊ शकते, असे तिथल्या मॅडमनी समजावले. दोन बैठकींत दात साफ झाले. कीटण खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला सर्वांत जास्त होते, जिथे माझा ब्रश कधी पोचतच नव्हता. गाठ त्यांनी पाहिली आणि सध्या तशीच ठेवली आहे. ती आता पूर्वीइतकी लाल दिसत नाही आणि गेल्या आठवड्यात भाकरीला एकदाही रक्त लागले नाही. साखरेची तपासणीही झाली, ती ठीक आली.

वैद्यबुवा, आपल्याला एवढेच विचारायचे होते की सासऱ्यांनी पोतेभर साल काढून आणली आहे. ती किती दिवस टिकते?

उत्तर – वैद्य, नांदेड

सावलीत खडखडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवली तर वर्षभर चालेल. बुरशीचा वास आला किंवा आत भुंगा दिसला तर टाकून द्यावी. काढा मात्र रोज ताजा करावा, कालचा उरलेला गरम करून वापरू नये. आणि सासऱ्यांना सांगा की पुढच्या वेळी खोडाची साल चहूबाजूंनी सोलू नका, एका बाजूची ओंजळभर पुरते. गोल साल काढली की झाड वाळते.